लाल दोरा म्हणजे माग चालू

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हयात होते तोवर अक्काच्या तोंडाकडे बघून मी गप्प राहिले. आता दोघंही नाहीत. राग मात्र आहे, आणि तो माझ्याबरोबर म्हातारा झालेला नाही. अजून चहा गाळताना मध्येच आठवतं आणि गाळणं ओट्यावर आपटलं जातं.

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणायची. नऊ ग्रहांची शांत करता येते, दहाव्याला कितीही द्या, तो वक्रीच. माझा अनुभव असा की यात ग्रहाचा दोष अर्धाच असतो. उरलेला अर्धा देणाऱ्याचा. तेही सांगणार आहे.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहायचो. आई वारली होती, अक्का लग्न होऊन सासरी गेली होती, घरात अण्णा आणि मी. अण्णा रेल्वेतून तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी कट्ट-कडकट्ट ऐकून त्याची अक्षरं केली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलला ऑपरेटर. म्हणजे आम्ही दोघंही कानावर पोट भरणारी माणसं. आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड होती. तिथे आठ माग चादरी विणायचे. शेड चालवणाऱ्या बाई घरात तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि भांडायच्या दोन्हीत.

निवृत्तीनंतर अण्णांनी मंगळवार बाजारातून एक जुना लष्करी रिसिव्हर उचलून आणला. लोखंडी, चौघांनी धरावा असा. दोन महिने ते त्याच्या पोटात हात घालून बसले होते. पोस्टात जाऊन रीतसर परवाना काढला, छपरावर तार ताणली आणि तिचं दुसरं टोक शेडच्या खांबाला बांधलं. बाईंनी हरकत घेतली नाही, फक्त त्या तारेवर आपलं सूत वाळत घालायला मिळावं अशी अट घातली. ती अट अण्णांनी मान्य केली नाही आणि आठ दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

एका संध्याकाळी अण्णा काटा फिरवत पट्टीच्या अगदी शेवटच्या टोकाला गेले. तिथे सहसा काही नसायचं, नुसती सरसर. त्या सरसरीतून बारीक आवाजात तार यायला लागली. अण्णांच्या हातात अडकित्ता होता, तो तसाच उघडा राहिला. दुसऱ्या हाताने ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत सुटले. शब्द नव्हते, नुसते आकडे. आणि आवाज हळूहळू खाली उतरत होता. मी विचारलं, कुठलं स्टेशन हे? तर ते म्हणाले, स्टेशन न्हाय, गाडी हाय. मग समजावून सांगितलं, की गाडी येताना तिची शिट्टी चढी लागते आणि पुढे निघून गेली की उतरते. हा पाठवणारा पळतोय, आणि आगगाडीपेक्षा लई जोरात पळतोय. पाव तासात तो क्षितिजाखाली बुडाला. दोन तासांना थोडं कमी असताना पुन्हा आला, या खेपेला अशक्त, कारण आता तो आमच्यापासून लांबून चालला होता.

पुण्याच्या एका हौशी रेडिओवाल्या गृहस्थांना अण्णांनी पत्र घातलं, तेव्हा उलगडा झाला. तो एक लहानसा उपग्रह होता, परदेशातल्या हौशी लोकांनीच मिळून बनवलेला. तो वरून स्वतःची तब्येत कळवत फिरत होता. बॅटरी किती उरली, अंग किती तापलंय, सगळं आकड्यांत. त्याच्यापाठोपाठ तसाच आणखी एक आला. अण्णांना तर घबाड सापडलं. रोज सकाळी नवाच्या सुमाराला आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर ते हेडफोन चढवून बसायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या मयतीच्या आणि बदलीच्या तारा घेतल्या, आता आकाशातली तार घेत होते, आणि त्यात कुणी मेलेलं नसायचं.

पण त्यांचे कान जायला लागले होते. ते मला एक्स्चेंजमधल्या सवयीमुळे त्यांच्या आधी कळलं. डाव्या कानाला बारीक आवाज लागेनासा झाला होता. मी माझ्या पगारातून स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला, जुनाच, आणि म्हटलं, अण्णा, आपण हे ठेवून घेऊ. त्या दिवसापासून टेपा भरायच्या मी आणि आकडे लिहायचे त्यांनी, अशी वाटणी झाली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे या टेपा सगळ्यांच्या झाल्या, फक्त माझ्या नव्हत्या.

पहिली टेप भरली ती कामाच्या दिवशी. ऐकायला बसलो ती मागांच्या सुट्टीच्या दिवशी. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यो तो न्हाय," ते म्हणाले. "तो दमानं बोलतो. ह्यो घाईत हाय."

तारमास्तराच्या कानाला अक्षराचा वेग कळतो, जसा गवळ्याला दुधातलं पाणी कळतं. आम्ही टेप पुसून पुन्हा भरली, पुन्हा तेच. मग एकदा टेप चालू असतानाच बाईंनी शेडमधले माग एकेक करून सुरू केले. आमचा दिवा मंदावला, आणि टेपमधला घाईचा माणूस दमून सावकाश बोलायला लागला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेड आणि आमचं घर एकाच लाइनवर होतं. आठ माग सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि आमच्या स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरची मोटर मंद चालायची. मंद चालताना भरलेली टेप सुट्टीच्या दिवशी पूर्ण व्होल्टेजवर लावली, की उपग्रह घाईत आणि किनऱ्या आवाजात बोलायचा. तीच टेप आठ माग चालू असताना लावली, तर अगदी बरोबर.

शहाण्या माणसाने यावर स्टॅबिलायझर घेतला असता. आम्ही दोरे घेतले. बाईंच्या शेडमधून चादरीचं रंगीत सूत आणलं आणि प्रत्येक स्पूलला बांधलं. लाल दोरा म्हणजे सगळे माग चालू असताना भरलेली टेप. पिवळा म्हणजे निम्मे. पांढरा म्हणजे माग बंद. टेप ऐकायची झाली की मी भिंतीवरून हाक मारून विचारायची, किती चालू आहेत? बाई आतून आकडा ओरडायच्या. चार असले की पिवळ्या टेपा लावायच्या. एकदा अण्णांना पांढऱ्या दोऱ्याची टेप ऐकायची होती आणि बाई काही माग बंद करेनात, तेव्हा त्या भिंतीवरून म्हणाल्या होत्या, "तुमचा उपग्रह माज्या मागावर चालतो की. मग मला भाडं द्या."

मी याची एक वहीही ठेवली होती. टेपेचा नंबर, दिवस, वेळ, अण्णांनी कुणाकडून तरी मागून आणलेल्या मीटरवर दिसलेलं व्होल्टेज, आणि समोर त्याच रंगाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा डिंकाने चिकटवलेला. उजव्या पानावर अण्णांचे आकडे, तारमास्तरी वळणाचे, सगळे एका उंचीचे. चार-साडेचार वर्षांत अशा सतरा टेपा झाल्या. त्या कडुलिंबाच्या पाल्यासकट एका लाकडी पेटीत, भिंतीतल्या फळीवर असायच्या. पावसाळ्यात मी त्या उन्हात घालून पुसायची. लग्नाचं वय टळत चाललेल्या मुलीने पापड वाळवावेत, तर ही टेपा वाळवते, असं गल्लीत बोलायचे. बोलू देत.

आता दाजी. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आवाज मऊ, शर्ट कडक, बसण्याआधी खुर्चीवर रुमाल झटकणार. आमच्या घरी आले की रिसिव्हरकडे बघून हसायचे आणि मला म्हणायचे, "काय मेहुणीबाई, चंद्रावरनं स्थळ आलं की नाही?" अण्णा हसायचे, म्हणून मीही हसायची. आणीबाणीत मात्र त्यांचं हसू पळालं. एके दिवशी घाईघाईने आले, दार लावून घेतलं आणि अण्णांना म्हणाले, हे सगळं विहिरीत टाका, उद्या कुणी हेर म्हणून धरलं तर माझी नोकरी जाईल. अण्णांनी परवाना दाखवला, तरी त्यांचं समाधान होईना. जवळजवळ वर्षभर ते आमच्याकडे आले नाहीत. अक्का एकटी यायची आणि मान खाली घालून जायची. हे सांगायचं कारण, जी पेटी हा माणूस विहिरीत टाकायला निघाला होता तीच त्याने पुढे मागून नेली.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आमचा पहिला उपग्रह आजारी पडला. आकडे बिघडायला लागले. बॅटरीचा आकडा रोज खाली जायचा, मध्येच तार तुटायची. अण्णा आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसायचे. चांगल्या कानावर हेडफोन, दुसऱ्या कानावर तळहात. एका संध्याकाळी तो आला, पाच-सहा आकडे सांगितले आणि मध्येच थांबला. आम्ही पुढच्या फेरीला वाट बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली, आठवडाभर बघितली. पुण्याच्या गृहस्थांचं पत्र आलं की तो सगळीकडेच मुका झालाय आणि शेवटच्या दिवसांतलं फार थोड्यांकडे आहे. आमच्याकडे होतं. सतरावी टेप, लाल दोरा. ते पत्र अण्णांनी देवाजवळ ठेवलं होतं.

लगेच पुढे अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला घरी बोलावून वाण द्यायचं, तेहतीस अनारसे ताटात घालून वर दिवा ठेवून द्यायचे, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आई नसल्यामुळे ते तेहतीस अनारसे मी केले होते. तांदूळ तीन दिवस भिजवले, कुटले, पीठ मुरवलं, आणि खसखस लावून एकेक तुपात सोडला. त्या दिवशी मला सकाळची पाळी होती, म्हणून सगळं मांडून ठेवून मी कामावर गेले.

दुपारी परत आले तर फळी रिकामी होती. पेटी होती तिथे धुळीचा चौकोन होता. अण्णा पान लावत बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, की दाजींनी ती मागितली. कापडचोपड काही नको म्हणाले, ती टेपांची पेटी द्या, कॉलेजात मुलांना दाखवायला होईल, इथे काय धूळ खाते.

मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

"घ्या की म्हनलं. जावई हाय. धोंड्याचं मागितलेलं न्हाय कसं म्हनायचं?"

मी म्हटलं, त्या माझ्या होत्या. अण्णा म्हणाले, घरच्याच की. आणि बोलणं संपवून त्यांनी पान तोंडात घातलं. एखादं भांडं द्यावं तशी पेटी देऊन टाकली हे मला लागलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की त्यांना विचारावंसंही वाटलं नाही. अक्काला दागिने घालून पाठवलं, तिच्या नवऱ्याला दर सणाला काही ना काही गेलं, आणि घरात राहून त्यांचं पथ्यपाणी बघणाऱ्या मुलीची जी एक वस्तू होती ती अनारशांबरोबर पाठवणीला गेली. मी त्या रात्री जेवले नाही, आणि उरलेलं अनारशाचं पीठ बाईंच्या शेळीला घातलं.

वही मात्र माझ्या ट्रंकेत होती. ती दाजींना ठाऊकच नव्हती.

पंधरा दिवसांनी मी अक्काकडे गेले. पेटी दाजींच्या टेबलावर होती. स्पूल नव्या पांढऱ्या खोक्यांत, त्यावर इंग्रजीत टाइप केलेल्या चिठ्ठ्या, खाली दाजींचं नाव. एकाही स्पूलला दोरा नव्हता. अक्काला विचारलं, तर ती म्हणाली, ते मळकट दोरे होय, यांनी काढायला सांगितले, मी केरात टाकले. मग माझा चेहरा बघून तिने विचारलं, त्यांचं काही होतं का गं?

मी म्हटलं, काही नाही.

सुडाला सुरुवात तिथेच झाली. एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की विचारू नका. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बसलेल्या माणसाने पीठच हाताने उधळून लावलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. परत येताना मी रिक्षा न करता चालत आले, आणि वाटेत भजी घेऊन खाल्ली.

थंडीत कॉलेजात समारंभ ठरला. बंगळूरहून एक पाहुणे येणार होते, अंतराळाच्या कामातले मोठे शास्त्रज्ञ. ते अशा टेपा जमवून नीट जतन करायचं काम करत होते, आणि दाजींनी त्यांना पत्र लिहून आमच्या टेपांबद्दल कळवलं होतं. पसंत पडल्या तर पाहुणे त्या घेऊन जाणार होते, आणि टेपांमागोमाग आपल्यालाही तिकडे बोलावणं येईल असा दाजींचा होरा होता. अक्काने मला आनंदाने सगळं सांगितलं. अण्णांना पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण होतं. त्यांनी कोट काढून उन्हात घातला.

मी जाताना वही पर्समध्ये घातली. आज कुणी विश्वास ठेवो न ठेवो, मी मनाशी ठरवलं होतं की दाजींनी नुसतं अण्णांचं नाव घेतलं, तरी उठून वही त्यांच्या हातात द्यायची. माझं नाव नको होतं मला.

सभागृह भरलं होतं. मी बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसले. दाजी उभे राहिले आणि मऊ आवाजात सांगायला लागले, की गेली काही वर्षं मी फावल्या वेळात, मर्यादित साधनांनिशी, या ध्वनिमुद्रणांचा संग्रह करत आहे. मी करत आहे. पहिल्या रांगेत अण्णा कौतुकाने मान डोलावत होते. त्यांना अर्धंच ऐकू येत होतं. मी पर्सचं बटण दाबून घट्ट बंद केलं.

मग टेप लावली. सतरावीच, शेवटची. कॉलेजच्या नव्या यंत्रावर, कॉलेजच्या धडधाकट व्होल्टेजवर. उपग्रह चिमणीसारखा किचकिच बोलायला लागला. मागच्या बाकांवर मुलं हसली. पाहुण्यांनी हात वर करून ती थांबवायला लावली आणि दुसरी लावायला सांगितली. ती पांढऱ्या दोऱ्याची असणार, कारण ठीक लागली. तिसरी पुन्हा घाईत, पण पहिलीपेक्षा कमी. पाहुण्यांनी घड्याळ काढून अक्षरं मोजली. हा उपग्रह ठरलेल्या वेगानेच पाठवतो, ते म्हणाले, मग प्रत्येक टेपेत वेग वेगळा कसा? रेकॉर्डिंग करताना व्होल्टेज कमीजास्त होत होतं का?

उत्तर त्यांनीच हातात दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण दाजींना मर्यादित साधनं सुद्धा उत्तम होती हे दाखवायचं होतं. ते म्हणाले, छे, मी स्टॅबिलायझर लावूनच सगळं केलेलं आहे.

पाहुण्यांचा चेहरा बदलला. ते सावकाश म्हणाले, मग हे उपग्रहाचं नाही. हे कुणीतरी हाताने वाजवून भरलेलं असावं. सभागृहात कुजबुज झाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दाजींच्या कपाळावर घाम आला होता आणि त्यांचा रुमाल खुर्चीवर होता.

आणि तेव्हा दाजी म्हणाले, "माझे सासरे रेल्वेत तारमास्तर होते. त्यांना सवय आहे वाजवायची. काही टेपा त्यांच्याकडूनही आलेल्या आहेत. त्यांनी सरावासाठी काही भरलं असेल, तर मला कल्पना नाही."

हे अण्णांना ऐकू गेलं. कसं गेलं कोण जाणे, पण गेलं. ते उठले. कोटाची बटणं लावली. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मी न्हाय वाजवलं ते, सायेब. ते वरनंच आलंय. माज्या कानानं घेतलंय." पाहुणे चांगले होते, त्यांनी हात जोडले आणि आपण कुणावर आरोप करत नाही असं काहीसं म्हणाले. अण्णा बसले नाहीत. त्यांनी बायकांच्या रांगांतून मला शोधून काढलं.

"पोरी, वही आनलीस का गं? दोऱ्यांची?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. दाजीही. त्यांच्या डोळ्यांत आशा होती, आणि तीच मला सहन झाली नाही. वही उघडली असती तर काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. येताना मी शेजारच्या प्रयोगशाळेत व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र पाहिलं होतं. वहीतले आकडे बघून पाच मिनिटांत सतराही टेपा बरोबर लागल्या असत्या. पाहुण्यांनी टेपा नेल्या असत्या. आणि दाजी मान हलवत म्हणाले असते, बघा, माझ्या मेहुणीने नोंदी ठेवल्या होत्या, मीच सांगितलं होतं. मला तो माणूस बुडायला हवा होता. त्याने बुडताना कुणाचा हात धरलाय तेही मला दिसत होतं. आणि ज्याचा हात होता त्यानेच माझी पेटी अनारशांवर ठेवून दिली होती, हेही त्या घटकेला मी विसरले नव्हते.

मी म्हटलं, "नाही."

अण्णांनी कोटाची बटणं सोडली. मग खाली बसले.

पाहुण्यांनी टेपा नेल्या नाहीत. दाजींना बंगळूरचं बोलावणं कधी आलं नाही, आणि कॉलेजात मुलं त्यांच्या पाठीमागे किचकिच आवाज काढायची, हे अक्काने मला रडत सांगितलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, छान. पुढे त्यांच्या थोरल्याचं बारसं झालं. त्याची गाणी त्यांनी त्याच स्पूलवर भरली, टेप महाग मिळत होती म्हणून. सतरावीवरही पाळणे भरले. तो उपग्रह सोलापूरवरून जाताना शेवटचं काय म्हणाला, ते आता माझ्या वहीत अण्णांच्या हस्ताक्षरात आहे आणि दुसरीकडे कुठे आहे असं मला तरी माहीत नाही. लोकांना दाखवलं, तर कुणी म्हणेल म्हातारबुवांनी घरी बसून लिहिलं असेल.

अण्णांनी त्यानंतर रिसिव्हर लावला नाही. कान गेले म्हणून, असं सांगायचे. बाईंनी एक दिवस विचारलं की तार तशीच लोंबतेय, तर अण्णांनी तिच्यावर सूत वाळत घालायला परवानगी दिली.

दाजींचं झालं त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा तसंच करीन असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या दिवसातलं एक राहिलंय.

समारंभ संपल्यावर अण्णा आणि मी टांग्याने घरी निघालो. टांगा सात रस्त्याच्या चौकात आला. वारा सुटला होता. अण्णांनी मफलर कानांवर ओढून घेतला आणि माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बोट केलं.

"दोरा लोंबतोय बग," ते म्हणाले. "आत घाल. तुटंल."

पर्सच्या तोंडातून लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. सकाळपासून आलं असणार. मी ते बोटाने आत ढकललं, आणि अण्णा रस्त्याकडे बघत राहिले.